‘मुळे’ या शब्दाची जबाबदारी : रक्तदाब, आहार आणि मराठी आरोग्यलेखन

१

शिवऱ्याच्या आमच्या घरात आप्पांची, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची, कागदपत्रे एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. सातबारा, रेशनकार्ड, सोसायटीच्या पावत्या, दवाखान्याचे केसपेपर, सगळे एकत्र. दोन वर्षांपूर्वी भातकाढणीच्या दिवसांत आप्पांच्या अंगावरून वारे गेले. पुण्यात दाखल करताना जुने केसपेपर लागले म्हणून मी ती पिशवी पलंगावर उलटी केली. त्यातून वर्तमानपत्राचे एक कात्रण निघाले. घडीवर पिवळे पडलेले. एका वाक्याखाली पेनाने दोनदा रेघ मारलेली : ‘अँटिऑक्सिडंटयुक्त आहारामुळे उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे आयुष्य वाढते.’ लेखाखाली नाव माझे होते.

मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. निवृत्तीच्या आधी तीनेक वर्षे एका दैनिकाच्या पुरवणीत मी साप्ताहिक सदर चालवत असे. परदेशी शोधपत्रिकांतले एखादे नवे संशोधन घ्यायचे, सहाशे शब्दांत सोपे करून सांगायचे. वैद्यकाचे शिक्षण नव्हते. भाषा येत होती, आणि तेवढे पुरते असे मला वाटत होते. कात्रणातल्या लेखामागचा मूळ इंग्रजी निबंध मी पुन्हा काढून वाचला. त्यात ‘आयुष्य वाढते’ असे कुठेही नव्हते. उच्च रक्तदाब असलेल्या लोकांपैकी ज्यांच्या आहारात ही द्रव्ये अधिक होती, त्यांच्यात पुढच्या काळात मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले, एवढेच त्यात म्हटले होते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या होत्या. मी त्यांच्यामध्ये ‘मुळे’ घातला होता. का घातला, तेही आठवते. वाक्य आटोपशीर झाले होते आणि रकान्यात बसत होते.

आप्पांनी झटक्याच्या आधी चार महिने गोळी बंद केली होती आणि सकाळी अनशापोटी आवळ्याचा रस सुरू केला होता. ‘माझ्या लेखामुळे आप्पांनी गोळी सोडली’ असे लिहायला हात शिवशिवतो. त्यात पश्चात्तापाचा एक थाटही आहे. पण हाही ‘मुळे’ तपासायला हवा. गोळ्या संपल्या होत्या आणि आणायला जायचे तर लावणीचा एक दिवस मोडत होता. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती, ‘मला काय झालंय?’ असे वाटावे इतके बरे वाटत होते. गोळी ‘उष्ण पडते’ असे शेजारच्या कुणी सांगितले होते. या सगळ्यात माझे वाक्य किती, हे मला कधीच ठरवता येणार नाही. एवढे मात्र म्हणता येते की ते वाक्य त्या पिशवीत होते आणि त्याखाली रेघ होती.

या लेखात मी त्या एका वाक्याची समीक्षा करणार आहे.

२

आपल्याकडे समीक्षा कवितेची होते, कादंबरीची होते, अलीकडे जाहिरातींची आणि मालिकांचीही होते. आरोग्यलेखनाला मात्र कुणी समीक्षेच्या टेबलावर घेत नाही. ते ‘उपयुक्त’ असते, म्हणून साहित्य नसते, असा एक समज आहे. वस्तुतः वैद्यक आणि शब्दकला यांचे नाते आपल्या मुलुखाला नवे नाही. जुन्नरच्या लोलिंबराजाने ‘वैद्यजीवन’ रसिक श्लोकांत लिहिले. तेथे रोग, औषध आणि काव्य एकाच ताटात वाढलेले आहे. शिवाय वाचकावर होणारा परिणाम ही वाङ्मयाची कसोटी मानली, तर आरोग्याच्या सदराइतका परिणाम साधणारा गद्यप्रकार शोधून सापडणार नाही. माझ्या एखाद्या समीक्षालेखाचे कात्रण कुणी रेशनकार्डाशेजारी जपून ठेवल्याचे मला तरी ठाऊक नाही.

या गद्यप्रकाराची काही लक्षणे सांगता येतील. त्याचा कर्ता बहुधा अदृश्य असतो : ‘संशोधनातून सिद्ध झाले आहे.’ कुणाच्या, कुठल्या, किती माणसांवरच्या, हे नसते. त्याचा नायक एक पदार्थ असतो. या आठवड्यात आवळा, पुढच्या आठवड्यात लसूण, दिवाळीनंतर डाळिंब. खलनायक एक अमूर्त शक्ती असते. आणि कथानकाचा सगळा भार एका शब्दयोगी अव्ययावर असतो : ‘मुळे’. कधी त्याच्या जागी तृतीयेचा ‘ने’ येतो, ‘आवळ्याने रक्तदाब उतरतो’, पण काम तेच.

आणखी एक लक्षण आहे, ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. जुन्या मराठीत ‘पथ्य’ हा शब्द औषधाच्या जोडीने येई. औषध चालू असताना काय खावे, काय टाळावे, ते पथ्य. ‘पथ्यपाणी सांभाळा’ म्हणजे औषध घेत आहातच, आता खाण्याकडेही बघा. आजच्या आरोग्यलेखनाने या जोडीतले औषध काढून टाकले आणि पथ्यालाच औषधाच्या खुर्चीत बसवले. आप्पांनी केले ते याच व्याकरणाला धरून होते. त्यांनी पथ्य धरले आणि औषध सोडले.

३

आता खलनायकाकडे पाहू. आपण श्वासातून घेतलेला प्राणवायू पेशींमध्ये वापरला जातो, तेव्हा काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. ती शेजारच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. ती ओढाताण थांबवणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट : क आणि ई जीवनसत्त्वे, गाजरातले कॅरोटीन, सेलेनियमसारखे काही खनिज घटक. १९५६ मध्ये डेन्हम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने वार्धक्याचे कारणच मुक्त मूलके असावीत, असा सिद्धान्त मांडला. रक्तदाबाशीही त्यांचा संबंध लागतो. धमनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि ते धमनीला सैल ठेवते. मुक्त मूलके त्याचा नाश करतात आणि धमनी आखडलेली राहते. इथपर्यंत प्रयोगशाळेतले विज्ञान चोख आहे.

मराठीत येताना या विज्ञानाने एक रूपक बरोबर आणले : गंज. ‘लोखंड गंजते तशा धमन्या गंजतात, आणि अँटिऑक्सिडंट हा गंज रोखतात.’ मीही ते वापरले आहे. कापलेले सफरचंद तांबूस पडते, लिंबू पिळले तर पडत नाही, हा दृष्टान्तही दिला आहे. रूपक फार चांगले वठले होते. तोच त्याचा धोका होता. लोखंडाचा तुकडा स्वतःच्या गंजाला उत्तर देत नाही. शरीर देते. मुक्त मूलकांना आवर घालणारी विकरे शरीर स्वतःच बनवते. शिवाय आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच दाहक रेणू वापरतात. म्हणजे ज्याला आपण गंज म्हटले, तो काही जागी शरीराच्या हातातले शस्त्र आहे. रूपकाने हा भाग झाकला. उपमेय आणि उपमान यांच्यातले साधर्म्य दाखवताना वैधर्म्य विसरायचे नसते, असे मी पंचवीस वर्षे वर्गात शिकवले. सदर लिहिताना विसरलो.

रूपक खरे असते, तर त्याची परीक्षा सोपी होती. ही द्रव्ये गोळीतून द्यावीत आणि माणसे जास्त जगतात का ते पाहावे. अशी परीक्षा झाली, आणि ती मोठी झाली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व यांची चाचणी घेतली गेली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, कारण तेथे ही वाढ २८ टक्के होती. २००० मध्ये, हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे साडेनऊ हजार लोकांवरच्या एका चाचणीत ई जीवनसत्त्वाचा हृदयविकारावर वा पक्षाघातावर काही उपयोग दिसला नाही. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या २०,५३६ लोकांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यांना पाच वर्षे क, ई आणि बीटा-कॅरोटीन एकत्र दिले होते. रक्तातले या जीवनसत्त्वांचे प्रमाण चांगले वाढले. मृत्यूंच्या संख्येत फरक पडला नाही.

आधी झाले होते ते असे : गाजरे, पालेभाज्या, फळे जास्त खाणाऱ्यांत कर्करोग आणि हृदयविकार कमी आढळत. हे निरीक्षण खरे होते. त्यावरून गाजरातले द्रव्य वेगळे काढून दिले, तेव्हा लाभ नाहीसा झाला. कारण गाजर खाणारा माणूस आला की त्याच्याबरोबर त्याचे सगळे आयुष्य येते : त्याची मिळकत, त्याची झोप, तो विडी ओढतो की नाही, दवाखाना त्याच्या घरापासून किती लांब आहे, आणि गाजराच्या जागी तो काय खात नाही. गोळीत यातले काहीच येत नाही.

४

मी ज्या निबंधाचे मराठीकरण केले, तो या चाचण्यांनंतरच्या पठडीतला होता. या पठडीत एकेक द्रव्य न घेता सगळ्यांचा मिळून एक गुणांक काढतात. त्याला ‘ऑक्सिडीकरण-समतोल गुणांक’ म्हणता येईल. त्याचे बहुतेक निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य-पोषण पाहणीतली माहिती वापरतात आणि ती मृत्यूंच्या नोंदींशी जोडतात. हा गुणांक मी आता एखादी संहिता वाचावी तसा वाचला आहे.

त्यात वीस घटक असतात. सोळा आहारातले : तंतू, कॅरोटीन, ब गटातली पाच जीवनसत्त्वे, क, ई, कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, तांबे, सेलेनियम, एकूण स्निग्धांश आणि लोह. चार जीवनशैलीतले : शारीरिक हालचाल, उंचीच्या मानाने वजन, मद्य, आणि तंबाखू किती शरीरात गेली हे सांगणारे रक्तातले कोटिनिन. यातल्या पाच गोष्टी अवगुणाच्या (स्निग्धांश, लोह, मद्य, वजन आणि कोटिनिन), बाकी पंधरा गुणाच्या. बेरीज जास्त आली तर समतोल चांगला.

कुठल्याही संहितेत काय आहे यापेक्षा काय नाही, याने समीक्षक सावध होतो. या यादीत मीठ नाही. पोटॅशियमही नाही. रक्तदाबाच्या आहारशास्त्रात ज्या दोन गोष्टींबद्दल सर्वाधिक खात्रीने बोलता येते, त्या दोन्ही यादीबाहेर आहेत. त्यात लबाडी नाही. गुणांक ऑक्सिडीकरणासाठी रचला आहे, रक्तदाबासाठी नाही. पण तो रक्तदाबाच्या रुग्णांना लावला, की वाचकाच्या नजरेपुढून मिठाची बरणी उचलली जाते आणि तेथे आवळा येतो. रोज गोळी घेतली जाते का, हाही प्रश्न गुणांकाच्या बाहेरच राहतो.

दुसरी गोष्ट. ज्याने तंबाखू सोडली आहे, जो चालतो-फिरतो, ज्याचे वजन आटोक्यात आहे, तो जास्त जगला तर श्रेय कॅरोटीनला द्यायचे का? बेरजेत हे सगळे एकत्र झाले आहे. बेरीज केल्यावर कुणी किती वाटा दिला ते दिसत नाही. आमच्या भाऊबंदकीतल्या सामाईक विहिरीसारखे. निबंधाचे नाव मात्र ऑक्सिडीकरणाचे, म्हणून मथळ्यात अँटिऑक्सिडंट येतो.

तिसरी गोष्ट काळाची. अशा पाहणीत ‘काल काय खाल्ले’ हे विचारतात, एकदा किंवा दोनदा, आणि मृत्यूची नोंद कित्येक वर्षांनी बघतात. आमच्या शिवऱ्यात हा प्रश्न श्रावणात विचारला तर उत्तर येईल टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली. बांधावरच्या आणि डोंगरकडेच्या या भाज्यांना पैसा पडत नाही. त्या दिवशी माझ्या काकूंचा गुणांक कुठल्याही शहरी आहारतज्ज्ञापेक्षा वर जाईल. तोच प्रश्न वैशाखात विचारला तर भाकरी, ठेचा, सुकट, लोणचे, तळलेला पापड. माणूस एकच, घर एकच. लावणीच्या आठवड्यात दिवसभर चिखलात वाकून काम केलेल्या बाईला ‘व्यायाम करता का’ विचारले, तर ती ‘न्हाय बा’ म्हणेल. विडी ओढत नाही म्हणून तंबाखूच्या रकान्यातही ‘नाही’ सांगेल आणि मिश्री लावायला उठेल. तेथे रक्ताची तपासणी तिच्या उत्तरापेक्षा खरे बोलेल, हे मान्य करायला हवे.

संशोधकांवर अन्याय नको. एका दिवसाची आठवण पुरेशी नाही, हे ते स्वतः लिहितात. उत्पन्न, शिक्षण, वय यांचा परिणाम ते गणिताने वेगळा काढू बघतात. आढळलेल्या गोष्टीला ते ‘संबंध’च म्हणतात. ‘मुळे’ त्यांचा नव्हता, माझा होता.

५

मग रक्तदाब असलेल्या माणसाचे आयुष्य खरोखर कशामुळे वाढते? इथे मी ‘मुळे’ जाणीवपूर्वक वापरतो आहे, कारण काही ठिकाणी तो कमावलेला आहे.

त्याची एक वाट मुंबईतून गेली आहे. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे वैद्य शतकानुशतके वापरत आले. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते मुंबईत रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, दाब मोजून, नोंदी ठेवून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला. तो जगभर वाचला गेला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली चाचणी प्रसिद्ध झाली. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना तीन औषधे एकत्र दिली, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या. तीन औषधांतले एक रेसर्पिन होते. निरुपद्रवी गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर घात झाले, औषध घेणाऱ्यांत २ जणांना. रक्तदाब उतरवल्यामुळे माणसे वाचतात, हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदा दिसले, त्यात आपल्या रानातली एक मुळी होती.

ही कथा मला दोन कारणांनी मोलाची वाटते. ‘आपल्या वनस्पतींना पाश्चात्त्य विज्ञान मानत नाही’ ही तक्रार आमच्याकडे चहाबरोबर येते. सर्पगंधेला मानले, कारण तिला मोजले. कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले, म्हणून गाजर खाणाऱ्याबरोबर येणारे आयुष्य दोन्ही बाजूंना सारखे वाटले गेले. दुसरे कारण असे, की मोजल्यामुळे तिचे दोषही कळले. रेसर्पिनने काही रुग्णांना औदासीन्य येई. पुढे त्याहून सोसवणारी औषधे आली आणि ते मागे पडले. वनस्पतीची भक्ती केली असती, तर यातले काहीच कळले नसते. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १२३ चाचण्यांतल्या सहा लाखांहून अधिक लोकांचा एकत्र हिशेब आला. वरचा दाब दर १० अंकांनी उतरवला तर एकूण मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी होतात.

आहाराचेही असेच मोजमाप झाले आहे, आणि त्यात आहार हरलेला नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत ४५९ लोकांना आठ आठवडे ठरवून जेवण दिले. ज्यांच्या ताटात फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ जास्त होते, त्यांच्यातल्या उच्च रक्तदाबाच्या लोकांचा वरचा दाब सरासरी ११.४ अंकांनी उतरला. मीठ आणि वजन दोन्ही तसेच ठेवले होते. त्यात कॅरोटीन होते तसे पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि तंतूही होते. काम अख्ख्या ताटाने केले, एका द्रव्याला श्रेय देता येत नाही. आणि मोजला गेला तो दाब, आयुष्य नव्हे. आठ आठवड्यांत आयुष्य मोजता येत नाही.

आयुष्य मोजले गेले ते चीनमधल्या ६०० खेड्यांत. पूर्वी पक्षाघात झालेले, किंवा साठी ओलांडलेले आणि रक्तदाब वाढलेले असे २०,९९५ लोक. अर्ध्या खेड्यांत नेहमीचे मीठ, अर्ध्यांत असे मीठ की ज्यात चौथा हिस्सा सोडियमऐवजी पोटॅशियमचा क्षार होता. सुमारे पावणेपाच वर्षांनी, २०२१ मध्ये निष्कर्ष आला. बदललेल्या मिठाच्या खेड्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. अँटिऑक्सिडंट नाही, महागडे फळ नाही, चुलीशेजारची बरणी. ज्यांची मूत्रपिंडे कमजोर आहेत किंवा जे रक्तातले पोटॅशियम वाढवणारी औषधे घेतात, त्यांना हे मीठ घातक ठरू शकते. म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचे नाही, हे वाक्य या माहितीपासून तोडता येत नाही. माझ्या सदरात असती तर सहाशे शब्दांत बसवताना याच वाक्यावर कात्री चालली असती.

६

आप्पा घरी आल्यावर मी काकूंना एक काम सांगितले. मिठाची एक किलोची पुडी फोडली की दिनदर्शिकेवर खूण करायची आणि संपली की दुसरी. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. घरात खाणारी पाच माणसे. या मापाने पुडी चाळीस दिवस पुरायला हवी. आमची वीस दिवसांत संपली. काही मीठ भांड्यात राहते, काही पाण्याबरोबर जाते, हे धरले तरी लोणच्या-पापडांचे आणि महामार्गावरच्या फरसाणाचे मीठ या हिशेबात नव्हतेच. काकू म्हणाल्या, “येवढं कुठं घालती मी? तुम्हा सगळ्यांना अळणी लागतंय म्हून घालती.” त्यांचे खरे होते. चव हा घराचा सामाईक निर्णय असतो. आता पुडी एकतीस दिवस जाते. ठेचा राहिला आहे, पापड सणापुरता आला आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या प्रौढांपैकी २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी त्यांना औषध चालू होते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरात एक. या रोगाची अडचण कादंबरीकाराला कळेल अशी आहे. त्याला कथानक नाही. दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्षे काही घडत नाही, आणि घडते ते एकदम शेवटच्या प्रकरणात. रोज एक गोळी घेतल्याने जे घडले नाही, त्याची गोष्ट कोण सांगणार? आवळ्याची गोष्ट सांगता येते. त्याला रंग आहे, चव आहे, परंपरा आहे. गोळीला यातले काही नाही. म्हणून आरोग्यलेखन आवळ्याकडे धावते.

शिवऱ्याहून साताऱ्याकडे निघाले की चेलाडी फाटा, कापूरहोळ, किकवी, सारोळे मागे पडतात आणि नीरा नदीचा पूल लागतो. पुलापलीकडे सातारा जिल्हा. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतल्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रात त्यात साताऱ्यासह सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. त्यातले काम ऐकायला अगदी नीरस आहे. सगळीकडे एकच साधी, ठरलेली औषधयोजना. गोळ्यांचा साठा संपू न देणे. घराजवळच्या केंद्रात गोळ्या मिळणे. डॉक्टरांच्या जोडीला परिचारिका आणि आरोग्यसेवकांनी दाब मोजणे. आणि जो आला नाही त्याचे नाव नोंदीत दिसणे. आप्पांच्या चार महिन्यांत नेमके हेच तुटले होते. गोळ्या संपल्या, लावणी होती, आणि ‘तुम्ही आला का नाहीत’ असे विचारणारे कुणी नव्हते. या नीरस गोष्टीवर मी तीन वर्षांत एकही सदर लिहिले नाही. घर माझे त्याच रस्त्यावर आहे.

७

निष्कर्ष असा. रक्तदाब असलेल्या माणसाने पालेभाज्या, फळे, कडधान्ये खावीत. त्याला आधार आहे, आणि तो ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दापेक्षा मोठा आहे. मीठ कमी करावे, तंबाखू सोडावी, चालावे. आणि गोळी चालू ठेवावी. यांतले एक दुसऱ्याच्या ऐवजी नाही. मराठी आरोग्यलेखकाने ‘मुळे’ लिहिण्याआधी स्वतःला विचारावे : हे वाटून देऊन मोजले आहे, की नुसते एकत्र आढळले आहे? एकत्र आढळले असेल तर मराठीत त्यालाही साधे शब्द आहेत. ‘ज्यांनी हे खाल्ले, त्यांच्यात मृत्यू कमी आढळले, ते कशामुळे, हे यावरून ठरत नाही.’ वाक्य लांब होते. रकाना वाढवून घ्यावा.

आप्पांचा उजवा हात अजून पूर्ण उचलत नाही. बोलणे बरेच सुधारले आहे. परवा मी त्यांना कात्रणाविषयी एकदाचे विचारले. म्हणालो, “आप्पा, ते मी लिहिलं होतं. चुकीचं लिहिलं होतं.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुजं नाव होतं म्हून ठिवलं होतं. आवळ्यासाठी न्हाय.”

रेघ त्यांनी कशासाठी मारली होती, हे मी विचारले नाही. डाव्या हाताने त्यांनी गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे सरकवली. एका हाताने ती फोडता येत नाही. मी गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. काकूंनी पाणी दिले, आणि आवळ्याची एक फोडही.